आधी जाळी साफ करा, मग सेटिंग्जना हात लावा

खेळताना ग्राफिक्स कार्डाचे तापमान ८७ अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) अचानक घसरत असतील, तर सेटिंग्ज बदलण्याआधी लॅपटॉप बंद करून, मागचे झाकण उघडून, बॅटरीची जोडणी काढून पंख्यापुढची धातूची जाळी तपासावी. मडगावच्या माझ्या घरी दमट हवेने धूळ चिकटून तिथे अक्षरशः घोंगडीसारखा थर बसला होता. तो मऊ ब्रशने काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा. त्यानंतर फ्रेम ६० वर मर्यादित कराव्यात. पडदा ६० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रेच दाखवणारा, असताना कार्डाला दीडशे फ्रेम काढायला लावण्यात, माझ्या मते, काहीच हशील नाही. लॅपटॉप गादीवर नव्हे, टेबलावर ठेवून मागची बाजू दोन बोटे उचलावी. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वाहून नेणारा लेप) मात्र जाणकाराकडूनच बदलून घ्यावी.