स्लॅबवरचा सडा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा मिळाला. दोनदा पाहिला, एकदा चहाबरोबर आणि एकदा चहा संपल्यावर. रेषा सुरेख आहेत, हात चांगला आहे. गच्चीवर सेडमची ती रसाळ पानांची परदेशी रोपं, खाली कार्पेट लॉन, कडेने फॉक्सटेल पाम आणि एका कोपऱ्यात ‘फुलपाखरू उद्यान’ अशी पाटी. घर गुहागरच्या पुढे, समुद्र हाकेच्या अंतरावर. आणि सगळी झाडं पुण्याच्या नर्सरीतून ट्रकने येणार, असं तू खाली बारीक अक्षरात लिहिलंयस. तिथे मी थांबलो.

सेडम मीही लावलं होतं. वीसेक वर्षं झाली. एका हॉटेलची गच्ची होती, परदेशी मासिकातला फोटो मालकाने पाहिला होता आणि मीही. जूनमध्ये टवटवीत दिसलं. जुलै सरेपर्यंत पानाला बोट लावलं की ते पाणी भरलेल्या फुग्यासारखं फुटायचं. त्या झाडाला पावसाची सरसर चालते, आपल्या रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. ऑगस्टमध्ये कुजलेला लगदा आउटलेटच्या जाळीत बसला, गच्चीवर घोटाभर पाणी साठलं आणि खालच्या खोलीत पंख्याच्या हुकातून धार लागली. पुढच्या वर्षी मालकाने सगळं खरवडून काढलं आणि वर पत्र्याची शेड मारली. कोकणात स्लॅब गळला की शेवट पत्र्यातच होतो, आणि दरवेळी दोष पावसाला देऊन सगळे मोकळे होतात. तेव्हा मीही झालो होतो.

नंतर एकदा दुसऱ्याच कामाला निघालो होतो, गाडी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, बंद पडली. ऑगस्टचा महिना. मेकॅनिक येईपर्यंत दोन तास कातळावर हिंडलो आणि स्वतःचीच लाज वाटली. खाली जांभ्याचा अखंड दगड, वर कुठे बोटभर माती, कुठे वीतभर, कुठे काहीच नाही. चार महिने धो धो पाऊस, पुढचे सात-आठ महिने थेंब नाही, मे महिन्यात अनवाणी उभं राहवणार नाही असा ताप. गच्चीची परिस्थिती याहून वेगळी काय असते? फरक इतकाच की सड्यावर कोणी माळी नव्हता आणि सगळं फुललं होतं.

तू आधी तिथे बस. खरोखर बस, गुडघे टेकून. पहिल्या पावसात काळी मुसळी आणि फोडशी वर येतात. त्यांच्या पाठोपाठ पांढरी दीपकाडी, जिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, डिपकाडी कोंकनेन्स. मग पाणी साचतं तिथे सीतेची आसवं आणि पांढऱ्या बटणांसारखे गेंद, थोडी माती जास्त असेल तिथे पिवळी कवला आणि तेरडा. सीतेच्या आसवांचं एक रोप बोटाने हळूच उचलून बघ, तळाशी मोहरीहून बारीक पिशव्या दिसतील. त्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात आणि त्यावर हे झाड जगतं, कारण मातीत खायला काही नाही. फुलं नांगराच्या फाळाएवढीही उंच नसतात, पण उन्हाची तिरीप आली की लहान माशा त्या निळ्या पट्ट्यावर उतरतात, आणि सर आली की गवताच्या पात्याखाली जाऊन बसतात.

हे पाहून आल्यावरही माझी खोड गेली नाही. दुसऱ्या गच्चीवर मी सड्याची माती तर टाकली, पण हौसेने चार पोती शेणखत मिसळलं. गवत कमरेला लागलं. बाकी सगळं त्याच्या सावलीत गेलं. तेव्हा हे लक्षात ठेव की गच्चीवरच्या मातीला उपाशी ठेवायचं. तुझा माळी ऐकणार नाही, तो रात्री गुपचूप युरिया टाकेल, त्याच्यावर नजर ठेव.

माती कुठून आणायची? सडा खणून नाही, हे तुला सांगायला नको. चिरेखाण नवीन उघडतात तेव्हा वरचा मातीचा पापुद्रा आधी खरवडून बाजूला ढकलतात. खाणवाल्याला तो अडथळाच असतो. तो मे महिन्याच्या आत पोत्यांत भरून आण, त्यात बी, कंद सगळं झोपलेलं असतं. त्याखाली चिऱ्याचे बारीक तुकडे घाल. मशीनखालचा लाल भुगा फुकट मिळतो म्हणून तोच भरायचा मोह होईल, पण तो पावसात बसतो आणि पाण्याची वाट बंद करतो, गव्हाएवढे नि वाटाण्याएवढे तुकडे चाळून घे.

झुरिकमध्ये १९१४ साली बांधलेलं पाणी शुद्ध करायचं एक केंद्र आहे. त्याच्या छपरावर त्या वेळी आजूबाजूच्या कुरणांचीच माती टाकली होती, थंडाव्यासाठी. पुढे खालची कुरणं गेली, छपरावरची राहिली, आणि आता तिथली रानऑर्किडं बघायला वनस्पतिशास्त्रज्ञ जातात. बाझेलमध्ये तर सपाट छप्पर हिरवं करणं २००२ पासून सक्तीचं आहे आणि तिथेही माती जवळपासचीच, तीही मुद्दाम उंचसखल पसरतात, कारण किड्या-कोळ्यांना एकसारखी जमीन आवडत नाही. आपण मात्र त्यांच्याकडून नेमकं सेडम उचललं.

आता वजन, कारण इथे तुझा आराखडा मला घाबरवतो. तू सरसकट सहा इंच माती दाखवली आहेस. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर चार इंच धरली तरी ती सव्वातीन ब्रास, म्हणजे सव्वातीनशे घनफूट होते, आणि भिजल्यावर तिचं वजन पंधरा टनांच्या घरात जातं, चौरस मीटरला १५० किलोच्या पुढे. आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, माणसांच्या वावराच्या गच्चीला धरलेला भारच तेवढा असतो, दीड किलोन्यूटन, आणि नुसत्या देखभालीच्या छपराला त्याच्या निम्मा. म्हणजे तुझी माती आल्यावर माणसाला उभं राहायला हिशोबात जागा उरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घे, तोंडी ‘होईल हो’ चालणार नाही. मी साधारण दोन ते तीन इंच पसरतो आणि फक्त तुळयांवर, खांबांच्या डोक्यावर सहा इंचांचे उंचवटे करतो. दिसतंही सड्यासारखं. आणि त्या घराचा स्लॅब खालून पाहिलास का? खाऱ्या हवेत सळया फुगतात, प्लास्टरला पोपडे येतात. एक जरी लाल ओघळ दिसला तरी गच्चीचा विषय बंद, खालच्या परसावर काम कर. वॉटरप्रूफिंग झालं की दोन दिवस पाणी भरून ठेवायचं, मुळं अडवायला वेगळा थर, आउटलेटभोवती खडी आणि वर हात घालून साफ करता येईल अशी पेटी. हे तुला कॉलेजात शिकवलंच असेल. पावसाळ्यात दर आठवड्याला कोणीतरी वर चढलं पाहिजे. पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त थांबलं तर मधमाश्यांऐवजी डासांची सोय होईल.

दिवाळीनंतर ती गच्ची वाळणार. पिवळी, मग तांबूस. मालकाला हे आजच सांग, लेखी सांग, फोटो दाखव. नाहीतर जानेवारीत तो स्प्रिंकलर बसवेल, ज्या गावात त्या महिन्यापासून विहिरी खाली जायला लागतात. वाळलेल्या काड्या उपटू देऊ नकोस, त्यांत बी असतं आणि पोकळ काड्यांत लहान माशांची अंडी. वणव्याची किंवा फटाक्याची भीती असेल तर कठड्यालगत हातभर रुंद खडीचा पट्टा सोड. फारच वाटलं तर त्या दिवसांपुरत्या कुंड्या ठेव, तुळस, पानओवा, पानफुटी. तुळशीची मंजिरी मात्र खुडायची नाही, एवढं घरातल्या आजींना पटवता आलं तर तू जिंकलीस.

खालच्या बागेबद्दल. माझ्या आजीच्या परसात कोणी लँडस्केप केलं नव्हतं. एक जुनी दिनदर्शिका घे आणि प्रत्येक महिन्याच्या पानावर त्या वाडीत काय फुलतं ते लिही. डिसेंबर-जानेवारीत आंब्याचा मोहोर, त्यावर मधमाश्यांपेक्षा साध्या माशाच जास्त असतात, म्हणून माशी दिसली की स्प्रे मारणाऱ्या मालकाला आवर. मग काजू, करवंद, काटेसावर, पांगारा. सुरंगी. वेंगुर्ल्याकडे सुरंगीचं झाड फुललं की आधी ऐकू येतं आणि मग दिसतं, इतका गुंजारव. पुढे जांभूळ, करंज, बहावा. इथवर पानं भरगच्च होतील. जून, जुलै रिकामे राहतील. खरी उपासमार तेव्हाच. सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती मधमाशी, पावसाने बाहेर पडू शकत नाही, पडली तर फुलात मध उरलेला नसतो, आणि पाळणाऱ्याला साखरेचा पाक द्यावा लागतो. माडाला महिन्या-दोन महिन्यांनी नवी पोय, म्हणजे फुलांचा तुरा, फुटतेच, म्हणून चार माड राख. पावळीच्या आत, पागोळ्या पडत नाहीत अशा जागी एकेरी जास्वंद, अबोली, इक्सोरा लाव. एकेरी म्हणतोय, कारण गुच्छाच्या जास्वंदीत पाकळ्याच पाकळ्या, माशीला आत शिरायला वाट नाही. मधाची पेटी पहिल्या वर्षी ठेवू नकोस. मालकाला ती फोटोसाठी हवी आहे.

‘फुलपाखरू उद्यान’ या पाटीखाली तू फक्त मधाची फुलं लावली आहेस. खानावळ काढलीस, बाळंतिणीची खोली कुठे आहे? राजा नीलवंत, आपलं २०१५ पासूनचं राज्य फुलपाखरू, अंडी घालतं लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. कढीलिंबावर बहुरूपी, रुईवर बिबळ्या कडवा, टाकळ्यावर आणि बहाव्यावर पिवळी नि पोपटी फुलपाखरं. याचा अर्थ पानं खाल्ली जाणार. कुरतडलेला कढीलिंब पाहून मालकीणबाई फोन करतील, त्याचं उत्तर आतापासून तयार ठेव. घाणेरी आणि कॉसमॉस मात्र यादीतून काढ. फुलपाखरं येतात हे खरं, पण घाणेरीने किती कातळ आणि किती बांध गिळले ते येताना एसटीच्या खिडकीतून दिसेलच.

आणि तो गडगा. आराखड्यात तू जुना जांभ्याचा गडगा पाडून प्लास्टरची कंपाउंड वॉल दाखवली आहेस. मी मागे त्या घरी गेलो होतो. विहिरीच्या बाजूला, तिसऱ्या थरात दोन चिऱ्यांच्या फटीतून काडेपेटीतल्या काडीएवढी एक मेणाची नळी बाहेर आलेली आहे. जरा दम धरलास तर तिच्या तोंडावर तिळाएवढ्या काळ्या माशा दिसतील, चारपाच जणी पहाऱ्यावर. नांगी नसलेली माशी, पोया म्हणतात ती. बोट नेलंस तर आत सरकतील आणि काढलंस की परत येतील. ते पोळं किती वर्षांचं असेल कोण जाणे, पण दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरायला गवंड्याला पाच मिनिटं पुरतील. गडगा ढासळला असेल तिथे कोरडाच रचून घे. त्याच्या उन्हाच्या बाजूला चार हात जमीन उघडी सोड, लॉन नको, पेव्हर नको, पालापाचोळाही नको. बहुतेक रानमाश्या पोळी बांधत नाहीत, एकेकट्या जमिनीत बीळ करतात, आणि आपण बागेत मातीचा तळहात मोकळा ठेवत नाही. मोठ्या काळ्या भुंग्यासाठी वाळका बांबू गोठ्याच्या आढ्याला तसाच राहू दे. परसात वांगी असतील तर सकाळी तो भुंगा फुलाला लटकलेला ऐक, आवाज एकाएकी चढतो, त्या थरथरीने परागकण झडतात. साधी सातेरी हे करत नाही.

शेजारी आंब्याची बाग आहे, तिथे मोहरावर फवारणी होणार. भांडायला जाऊ नकोस, त्यांचं वर्षाचं पोट त्या मोहरावर आहे. तू नवखी आणि शहरातली, म्हणून मालकाला पुढे घाल. मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारू नये हे त्यांनाही माहीत असतं, एवढंच विचार की फवारणीचा दिवस आदल्या रात्री कळवाल का आणि संध्याकाळी माराल का. माझ्या अनुभवात दहांतले सहा जण हो म्हणतात. उरलेल्यांच्या बाजूने करंज, निर्गुडी, अडुळसा यांची दाट कई, म्हणजे झुडपांचं कुंपण, घाल.

फॉक्सटेल पामबद्दल काही लिहीत नाही. चार ठेवायचे असले तर ठेव, मालकालाही काहीतरी आवडायला हवं.

श्रावणात दोन दिवस काढून इकडे ये. पहाटेची गाडी पकड, आठच्या आत सड्यावर पोचलं पाहिजे, ऊन-पावसाचा खेळ तेव्हाच चालतो. छत्री आणू नकोस, वारा ती पलटी करतो. चपला जिथे गाडी थांबेल तिथे काढू. आणि दिनदर्शिकेचं जूनचं पान भरलं की नाही ते तू आल्या आल्या मी विचारणार आहे.

तुझा,
काका