संभाजीनगर-मुंबई विमानाचे भाडे मोठ्या कंपनीनेही तेवढेच उतरवले, तर स्वस्त विमानकंपनी टिकते कशी?

भाडे आणखी पाडून नव्हे, तर प्रत्येक आसनामागचा खर्च मुळातच कमी असल्यामुळे ती टिकते. विमाने शक्यतो एकाच जातीची असल्याने सुटे भाग आणि वैमानिकांचे प्रशिक्षण स्वस्त पडते, आणि खिडकीची जागा, जादा सामान, उपम्याचा डबा यांचे पैसे वेगळे मिळतात. तेच भाडे लावणारी मोठी कंपनी मात्र बहुधा तोटा सोसत असते. अमेरिकेत १९७३ मध्ये ब्रॅनिफ या मोठ्या कंपनीने डॅलस-ह्यूस्टन भाडे १३ डॉलरवर आणले, तेव्हा साउथवेस्ट या स्वस्त कंपनीने १३ डॉलर, किंवा २६ डॉलर आणि सोबत मद्याची बाटली, असा पर्याय दिला. कचेरीच्या पैशाने फिरणाऱ्यांनी अर्थातच बाटली घेतली! गंगाजळी आटली तर मात्र कमी खर्चही वाचवत नाही: २००३ मध्ये आपल्याकडे सुरू झालेली स्वस्त विमानकंपनी एअर डेक्कन तोट्यातच किंगफिशरच्या हाती गेली. आपल्या मार्गावर तर दोघींचीही गाठ रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसशी आहे.