स्ट्रीक आणि सायकल स्टार्ट

पोरी,

सीएनसी लेथला, म्हणजे संगणकाच्या हुकमाने जॉब फिरवून कापणाऱ्या मशीनला, द्यायचे जी-कोड शिकवणाऱ्या तुझ्या ॲपचा स्क्रीनशॉट पाहिला. रोजची स्ट्रीक अखंड, बॅज भरपूर, लीगमध्ये नाव वर. शाब्बास! आता "काका, जी-कोड येतो असं इंटरव्ह्यूत सांगू का?" या प्रश्नाचं उत्तर: सांग, पण लगेच पुढे "मशीनवर अजून शिकायचंय" हेही सांग.

ॲपला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. भोसरीच्या बसमध्ये रील्स बघण्यापेक्षा हे केव्हाही बरं. जी०० म्हणजे रॅपिड, न कापता पूर्ण वेगाने सरकणं, जी०१ म्हणजे फीडने, ठरवलेल्या गतीने, कटिंग, एम०८ला कूलंट चालू, एम३०ला प्रोग्राम संपला. हे पाठच लागतं. आमच्या पिढीचं पाठांतर सेटरच्या, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याच्या, शिव्या खात झालं, तुझं खेळता खेळता होतंय, चांगलंच आहे.

मला खटकते ती तुझ्या बोटांना लागणारी सवय. चार पर्याय, वर पळणारं घड्याळ, भराभर दाबलं की जास्त गुण. चुकलं तर एक हार्ट जातं, थोड्या वेळाने परत मिळतं. शॉप फ्लोअरवर त्याच बोटाखाली सायकल स्टार्ट, म्हणजे प्रोग्राम चालू करणारं बटण, असतं.

एक दशांश पॉइंट राहिला तर काय होतं बघ. तुला टूल जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, तोंडासमोर आणायचंय, म्हणून लिहिलंस जी०० एक्स५२ झेड२. एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे तोंडापासूनचं अंतर. कंट्रोल म्हणजे मशीनचा संगणक; बऱ्याच फॅनक कंपनीच्या कंट्रोलच्या सेटिंगमध्ये आकड्यापुढे पॉइंट नसेल तर तो आकडा मायक्रॉनमध्ये धरला जातो. म्हणजे ५२ मिलिमीटर नाही, ०.०५२. झेडही २ नाही, ०.००२. टूल निघालं थेट सेंटरकडे, तेही रॅपिडने. तोंडावर फेसिंगसाठी, म्हणजे तोंड सपाट कापायला, मिलिमीटर-दीड मिलिमीटर मटेरियल ठेवलेलं असतंच, त्यात इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, घुसतो. जी०० चा अर्थ तुला अचूक माहीत होता, ॲपने पूर्ण गुणही दिले असते.

दुसरं, जी९६. "कॉन्स्टंट सरफेस स्पीड", म्हणजे व्यास बदलला तरी कापण्याचा वेग तोच, हा पर्याय तू डोळे मिटून निवडशील. पण त्याच्या आधीच्या ओळीत सेटरने जी५० एस२५०० का लिहिलं? कागद घे. कटिंग स्पीड मिनिटाला २०० मीटर धर. व्यास १०० असताना आरपीएम येतो साधारण ६३७. फेसिंग करत टूल आत सरकलं, व्यास २० उरला, की तोच ३१८३. व्यास १० वर ६३६६. सेंटरपाशी कंट्रोल स्पिंडलला, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याला, जमेल तेवढं पळवणार, आणि वेग वाढतो तशी जॉब धरणाऱ्या चकच्या जबड्यांची पकड ढिली होते. जड जॉब असेल तर दारासमोर उभी राहू नकोस. जी५० एस२५०० ही २५०० आरपीएमच्या लिमिटची ओळ त्यासाठी असते. हे गणित एकदा हाताने केलंस की जी५० पाठ करावा लागणार नाही.

आणि कोड सगळीकडे सारखे नसतात. आयएसओ ६९८३ हे जी-कोडचं आंतरराष्ट्रीय मानक आहे खरं, पण प्रत्येक कंपनीने आपलं थोडं घुसवलंय. फॅनकच्या लेथवर जी७१ म्हणजे रफिंगची, जास्तीचं मटेरियल भराभर काढायची, सायकल, सीमेन्सवर तोच जी७१ मेट्रिक मापं लावतो. ॲप कुठल्या कंट्रोलचं शिकवतंय ते आधी बघ. बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, ही मला फसवणूक वाटते.

मशीनवर पहिला जॉब लावशील तेव्हा सिंगल ब्लॉक चालू ठेव म्हणजे एकेक ओळच चालेल, रॅपिड ओव्हरराइड, म्हणजे रॅपिडचा वेग, २५ टक्क्यांवर आण, डावा हात टूल थांबवणाऱ्या फीड होल्डपाशी. मग स्क्रीनवर डिस्टन्स टू गो, म्हणजे या ओळीत अजून किती जायचंय, ते बघ आणि लगेच काचेतून टूल बघ. टूल जॉबपासून बोटभर अंतरावर दिसतंय आणि स्क्रीन म्हणतेय अजून ६० मिलिमीटर जायचंय, तर फीड होल्ड दाब. सेटर ओरडला तर ओरडू दे.

येत्या गुरुवारी कारखान्याला सुट्टी आहे, तेव्हा घरी ये. स्टेप टर्निंगचं, म्हणजे पायऱ्यांसारखे वेगवेगळे व्यास कापायचं, साधं ड्रॉइंग देतो. प्रोग्राम पेन्सिलने कागदावर लिहायचा आणि प्रत्येक ओळीला टूल कुठे आहे ते शेजारी काढायचं. येताना तुमच्या मशीनवर कुठला कंट्रोल आहे ते मॉडेल नंबरासकट लिहून आण, म्हणजे त्याचं मॅन्युअल आधीच काढून ठेवतो.

तुझा,
काका