अध्यक्ष कुत्रा होता तोवर मासिक चाललं

प्रश्न असा आहे: "आम्ही गोव्यातले सात-आठ तरुण चित्रकार. पॅरिसच्या 'शा न्वार'सारखं एक टवाळ मंडळ आणि त्याचं व्यंग-मासिक काढायचं म्हणतोय. नोंदणी करावी का, भाषा कोणती ठेवावी, पैसे कुठून आणावेत?"

बाकी सगळं सोडून दिलं असतं, पण 'नोंदणी' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

शा न्वारचं नाव काढलंत तर आधी क्रम नीट लावून घ्या. ते मासिक नव्हतं, साप्ताहिक होतं, आणि 14 जानेवारी 1882 ला सुरू झालं. त्याच्या आधी, 1878 मध्येच, एमिल गुदो या कवीने 'हिद्रोपात' नावाचं मंडळ काढलं होतं. हिद्रोपात म्हणजे पाण्याचं वावडं असलेली माणसं. का, तर गुदो हे आडनाव फ्रेंचमध्ये 'पाण्याची चव' असं ऐकू येतं. एवढ्याशा कोटीवर अख्खं मंडळ उभं! 1881 च्या शेवटी रोदोल्फ सालीसने पॅरिसच्या मोंमार्त्र भागात 'शा न्वार' म्हणजे 'काळी मांजर' नावाचा दारूचा गुत्ता उघडला, ही सगळी मंडळी तिकडे ओढून नेली, वेटरांना फ्रेंच अकादमीच्या विद्वानांचे पोशाख चढवले आणि मग कुठे पेपर निघाला. गुदो त्याचा पहिला संपादक. आधी टवाळी, मग गुत्ता, मग छपाई. तुम्ही छपाईपासून सुरुवात करताय.

आमचं काय झालं ते सांगतो. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. आम्ही पाच जण नदीपलीकडच्या बार्देस तालुक्यातले, चित्रकला शिकायला रोज पणजीला जाणारे. त्या दिवसापासून बेती ते पणजी फेरीबोट आणि फेरीबोटीसाठी रांग. भर पावसात तास-तास उभं राहायचं, हातात पोर्टफोलिओ, डोक्यावर प्लास्टिक. कंटाळून आम्ही रांगेतल्या लोकांची चित्रं काढायला लागलो. छत्री उलटी झालेला कारकून, टोपलीसकट झोपलेली नुस्तेंकान्न (मासळीवाली), स्कूटर ढकलत बोटीवर चढवणारे भटजी. दोनदा मार खाता खाता वाचलो. तेव्हा ठरलं की अनोळखी लोकांआधी एकमेकांना काढायचं. आणि नियम झाला: स्वतःचं चित्र बघून जो रागावेल तो सगळ्यांना चा आणि भाजी-पाव देईल.

मंडळाची घटना म्हणाल तर ही एवढी एक ओळ.

जेटीवरच्या चहाच्या गाड्याखाली एक पिवळट कुत्रा असायचा, एक कान तुटलेला. चित्र काढताना हलायचा नाही, आणि आपलं चित्र दाखवलं तर हुंगून पुन्हा झोपायचा. आमच्यात न रागावणारा तो एकटाच, म्हणून अध्यक्ष तो. नाव ठेवलं रेजेदोर. पोर्तुगीज अमदानीत गावावर हुकूम चालवणारा असायचा तो रेजेदोर. आमच्या वडलांच्या पिढीला त्या नावाने अजून घाम फुटायचा, त्यामुळे "रेजेदोराने परवानगी दिली" असं घरी सांगताना भारी मजा यायची.

मासिक गणेशचवथीच्या आसपास निघालं. एकाच्या मामाचा म्हापशाला टायपिंग क्लास होता, तिथलं सायक्लोस्टाईल मशीन रविवारी मोकळं असायचं. मराठी टाईपरायटरवर स्टेन्सिल (मेण लावलेला कागद) कापायची, चित्रं लोखंडी टोकाच्या लेखणीने थेट स्टेन्सिलवर. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत असेल, स्टेन्सिलवर भरीव काळं करता येत नाही. जास्त खरवडलं की मेण निघून कागद फाटतो आणि तिथून शाईचा गोळा बाहेर येतो. त्यामुळे आमच्या मासिकात सगळी चित्रं नुसत्या रेषेची, आणि कोणाचेच केस काळे नाहीत. वीस वर्षांची पोरंसुद्धा पिकलेली दिसायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोनशे प्रती, किंमत दोन रुपये, विक्री फेरीबोटीवर. बोट सुटली की गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही. वितरणाचा याहून चांगला मार्ग मला आजवर सापडलेला नाही.

आता भाषा. तो डिसेंबर कसला होता हे त्या वेळी गोव्यात असलेल्यांना सांगायला नको. राजभाषा कोंकणी की मराठी यावरून आंदोलन पेटलेलं, रस्ते अडवलेले, माणसं मेली. आमच्या पाचांत तीन मराठीवाले, दोन कोंकणीवाले, आणि पाचही जण बोलताना कोंकणीच बोलायचो. जानेवारीच्या अंकात आम्ही एक पानभर चित्र टाकलं: बोटीच्या दोन टोकांना दोन माणसं, तोंडं उघडी, हात वर, आणि तोंडापुढचे फुगे कोरे. खाली ओळ: "वाचकांनी आपापल्या भाषेत भरून घ्यावेत." लोकांनी भरले! भरलेली पानं गाड्यावाल्याकडे परत आणून दिली. कोणी मराठीत, कोणी कोंकणीत देवनागरीतून, कोणी रोमी (रोमन) लिपीतून, एका म्हाताऱ्याने पोर्तुगीजमध्ये. 4 फेब्रुवारी 1987 ला कायदा झाला, देवनागरी कोंकणी राजभाषा आणि सरकारी कामकाजात मराठीलाही जागा. आमच्या मंडळात त्यावरून कोणी कोणाला चा पाजलेला मला आठवत नाही.

हे मुद्दाम लिहितोय. आमच्यातला एक जण, ज्याला आम्ही दोतोर म्हणायचो (पांढरा कोट घालून रंगवायचा), गेली कित्येक वर्षं चार माणसांत बसला की सांगतो की भाषावादाने आमचं मासिक बुडवलं. ऐकायला भारदस्त वाटतं, माणसं हळहळतात. पण ते खोटं आहे. मासिक पावती-पुस्तकाने बुडवलं.

झालं असं, की चार अंकांनंतर दोतोरला वाटलं आता मोठं व्हावं. ऑफसेट छपाई हवी, म्हणजे पैसा हवा, पैसा हवा तर देणगीदार हवा, देणगीदाराला पावती हवी, पावतीला नोंदणीकृत संस्था हवी, आणि संस्थेला अध्यक्ष माणूस हवा. एक प्रतिष्ठित गृहस्थ तयार झाले. सभा बेतीच्या गाड्यावरून उठून एका घराच्या बलकांवात (ओसरीवर) गेली. खुर्च्या, पोहे, कपबशा. रेजेदोर पहिल्या दिवशी आमच्या मागोमाग आला, त्याला फाटकातून हाकलला. कोणीच काही बोललं नाही. मीही नाही.

पाचव्या अंकात पहिल्या पानावर नव्या अध्यक्षांचं चित्र टाकायचं ठरलं. ऑफसेटचे पैसे यायचे होते, म्हणून शेवटचा अंक जुन्याच मशीनवर. चित्र मी काढलं. चेहरा, चष्मा, मिशा हुबेहूब. केस मात्र नुसत्या बाह्यरेषेचे, म्हणजे पांढरे.

गृहस्थ केस रंगवत होते. सगळ्या गावाला माहीत होतं, पण माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

अंक हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हजे केंस धवे कशे?" मी म्हटलं, स्टेन्सिल आहे, सगळ्यांचेच पांढरे येतात. खरंच होतं. त्यांना पटलं नाही. रागावले. नियमाने त्यांनी चा पाजायला हवा होता, तर उलट दोतोरने त्यांची माफी मागितली आणि उरलेल्या दीडशे प्रतींना 'नम्र खुलासा' म्हणून चिठ्ठी डकवली: चित्रातील केसांचा रंग ही तांत्रिक मर्यादा असून... वगैरे. ती चिठ्ठी वाचून फेरीबोट जेवढी हसली तेवढी आमच्या कुठल्याच चित्राला हसली नव्हती. गृहस्थांनी राजीनामा दिला, पैसे आले नाहीत, पावती-पुस्तक कोरं राहिलं. सहावा अंक नाही. 30 मेला गोवा राज्य झालं तेव्हा टर उडवायला केवढा मसाला होता, आणि आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. भाषेची चिंता करू नका, बोलता तशी लिहा. गोव्यात टर उडवायला परवानगी लागत नाही. तियात्रातली (कोंकणी नाटकातली) कांतारां, म्हणजे गाणी, मंत्र्यांना नाव घेऊन झोडतात आणि मंत्री पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. दिवाडी बेटावरचा बोंदेरां हा उत्सव तर मुळात पोर्तुगीज सरकारच्या हद्दीच्या बावट्यांची खिल्लीच. पैसे स्वतःच्या खिशातून घाला, तेवढ्यात होईल तेवढंच छापा. पानं चारच्या पटीत ठेवा. देणगीदार आला की त्याचं चित्र आधी काढा आणि त्याला दाखवा. हसला तर पैसे घ्या.

हे लिहून झाल्यावर मुलीने (ती वकील आहे) वाचलं आणि म्हणाली, बाबा, लोकांना गोत्यात आणाल. म्हणून: नियतकालिकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव लागतंच. नियमित नियतकालिक काढायचं तर मार्च 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने नोंदणीही आहे, तेव्हा नोंदणीच नको असं माझं म्हणणं नाही. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे. नियतकालिकाची नोंदणी करा, मंडळाची नको, एवढाच फरक.

आणि आता सगळं लिहिलंच आहे तर हेही. मागच्या वर्षी दोतोर एका लग्नात भेटला. जेवताना पुन्हा भाषावाद काढला, मी पुन्हा पावती-पुस्तक काढलं. हात धुताना मात्र हळूच म्हणाला, "तुवें मुद्दाम केलें तें."

स्टेन्सिलवर भरीव काळं होत नाही हे खरं आहे. पण बारीक आडव्या-उभ्या रेघा जवळ जवळ मारल्या की केस काळे दिसतात, कागद फाटत नाही. तिसऱ्या अंकात रेजेदोराच्या तुटक्या कानाची सावली मी तशीच केली होती.