‘तुरा’ म्हणावे की ‘मंजरी’? वनस्पतिवर्णनातील शब्दांविषयी

प्रश्न असा आहे : बहाव्याच्या एका वर्णनात ‘पर्णे एकांतरित, सवृंत, समपिच्छक, पर्णिका अंडाकृती, अखंड, पुष्पे पीतवर्णी, लोंबत्या मंजरीत, फल शिंबा, अस्फुटनशील’ असे वाक्य आले आहे. त्याऐवजी ‘पाने एकाआड एक, देठाची, फुले पिवळी, लोंबत्या तुऱ्यात, शेंग लांब’ असे सरळ मराठीत लिहिले तर काय बिघडते, आणि ‘पान-पर्ण’, ‘देठ-वृंत’, ‘तुरा-मंजरी’, ‘शेंग-शिंबा’ या जोड्यांमध्ये खरोखर काही अर्थभेद आहे का?

काही जोड्यांमध्ये भेद मुळीच नाही, काहींमध्ये तो इतका आहे की शब्द बदलताच विधान चुकीचे ठरते. संस्कृत शब्द शास्त्रीय आणि रोजचा शब्द अशास्त्रीय, अशी वाटणी करून मात्र हा भेद सापडत नाही. नित्याच्या शब्दाचा व्याप आणि वर्णन करायच्या वस्तूचा व्याप एकच आहे का, एवढे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

सोपा भाग आधी. ‘पान’ हा शब्द ‘पर्ण’ याच शब्दापासून, प्राकृतातील ‘पण्ण’ या रूपातून, मराठीत आलेला आहे. वर्णनात ‘पाने’ लिहिल्याने अर्थाचा कणभरही लोप होत नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला. त्या कोशातील वनस्पतींच्या नोंदींतही ‘पाने’ आणि ‘फुले’ असेच शब्द आढळतात, आणि त्यांच्या शेजारीच ‘संदले’ किंवा ‘किंजदले’ असे पारिभाषिक शब्दही नांदतात. ‘पर्ण’ हवा असतो तो साधित शब्दांसाठी, कारण ‘पर्णिका’ आणि ‘उपपर्ण’ हे शब्द ‘पान’ या रूपापासून सहज घडत नाहीत. ‘देठ’ आणि ‘वृंत’ यांचेही तसेच. अमरकोशात ‘वृन्तं प्रसवबन्धनम्’ असे म्हटले आहे, म्हणजे पान, फूल किंवा फळ ज्याने फांदीला बांधलेले असते ते, आणि मराठीतील ‘देठ’ नेमका तेवढाच अर्थ सांगतो. ‘सवृंत’ ऐवजी ‘देठाचे’ आणि ‘अवृंत’ ऐवजी ‘बिनदेठाचे’ लिहावे. तसेच ‘एकांतरित’ ऐवजी ‘एकाआड एक’, ‘संमुख’ ऐवजी ‘समोरासमोर’ आणि पानाची कड सांगताना ‘दंतुर’ ऐवजी ‘दातेरी’ लिहिण्याने वाचकाला वस्तू अधिक लवकर दिसते.

अडचण सुरू होते ती पान कशाला म्हणायचे या प्रश्नापाशी. कडुनिंबाच्या काडीवर दोन्ही बाजूंना जी दातेरी पाती असतात त्यांतील प्रत्येकाला आपण पान म्हणतो, परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती संपूर्ण काडी मिळून एक पान आणि प्रत्येक पाते ही पर्णिका. ही ओळखण्याची खूण सोपी आहे. पान जेथे फांदीला जोडलेले असते त्या बेचक्यात कळी किंवा डोळा असतो, पर्णिकेच्या बुडाशी तो कधीही नसतो, आणि पानगळीच्या वेळी अखेरीस काडीसुद्धा गळून पडते. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण या दृष्टीने पाहिली तर पळसाला एकाच पानाच्या तीन पर्णिका असतात. म्हणीत दुरुस्ती सुचवण्याचा हेतू नाही. म्हण निरीक्षणाला पक्की आहे, फक्त तिच्यातील ‘पान’ हा शब्द शास्त्रातील ‘पर्णिका’ या अर्थाने आलेला आहे. याउलट बेलाच्या पानाला मराठीत ‘त्रिदळ’ म्हणतात. हा शब्द तर थेट परिभाषेत बसण्याजोगा आहे, कारण तीन दळांचे मिळून एक पान, हेच तो सांगतो.

या भेदावाचून वर्णन कसे फसते हे सप्तपर्णी आणि काटेसावर यांची तुलना केली म्हणजे कळते. दोन्हींकडे एका बिंदूभोवती पाच-सात पाती पसरलेली दिसतात, आणि ‘पाने सात-सातच्या झुबक्याने’ हे वाक्य दोन्हींना सारखेच लागू पडेल. सप्तपर्णीला मात्र ती खरीखुरी पाने असतात, साधी आणि फांदीच्या एकाच पेरावर मंडल करून बसलेली (ती सातच असतात असे नाही, कमीअधिकही असतात), तर सावरीला ते सगळे मिळून एक हस्ताकृती संयुक्त पान असते आणि त्याला एकच लांब देठ असतो. सप्तपर्णीचे नाव ठेवणाऱ्याने ‘पर्ण’ हा शब्द अगदी अचूक योजला आहे. एरंडाचे पानही हस्ताकृतीच, परंतु ते एकसंध असून त्याच्या कडेला खोल खंड पडलेले असतात, म्हणून ते साधे पान. हाताच्या पंजाची उपमा दोन्हींना चालते, ‘साधे’ आणि ‘संयुक्त’ हे शब्द मात्र अदलाबदल करता येत नाहीत. ‘पिच्छाकृती’ या शब्दातील पिच्छ म्हणजे पीस. ‘पिसासारखे’ असे लिहिले तरी चालते, फक्त ‘संयुक्त’ हा शब्द त्याच्या जोडीला ठेवावा.

आकारवाचक शब्दांपैकी एकाविषयी आवर्जून लिहिले पाहिजे, तो म्हणजे ‘अंडाकृती’. नित्याच्या मराठीत अंडाकृती म्हणजे लंबगोल. वर्णनात मात्र अंडाकृती पान म्हणजे ज्याचा रुंद भाग देठाकडे आणि निमुळता भाग टोकाकडे असतो ते, उदाहरणार्थ जास्वंदीचे. याच्या उलट, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळते होत गेलेले देशी बदामाचे पान ‘व्यस्त अंडाकृती’ ठरते, आणि मधोमध सर्वांत रुंद असलेल्या पानाला ‘लंबगोल’ किंवा ‘दीर्घवर्तुळाकृती’ म्हणतात. येथे शब्द सोपा आहे म्हणूनच वाचक फसतो, कारण तो अर्थ विचारायला थांबतच नाही. ‘कुंतसम’ यासारखे शब्द मात्र खुशाल सोडून द्यावेत. कुंत म्हणजे भाला, आणि आंब्याचे पान ‘भाल्यासारखे’ आहे असे म्हटल्याने काहीही हरवत नाही.

फुलांच्या बाबतीत ‘दल’ हा एकच शब्द किती कामे करतो ते पाहण्यासारखे आहे. ‘त्रिदळ’ मध्ये तो पर्णिका, ‘सहस्रदल कमळ’ मध्ये पाकळी आणि ‘द्विदल धान्य’ मध्ये बीजाची फाक. अमरकोशात तर ‘पत्रं पलाशं छदनं दलं पर्णं छदः’ हे सगळे शब्द पानाचेच पर्याय म्हणून एका ओळीत दिलेले आहेत. परिभाषा घडवणाऱ्यांनी या पर्यायांच्या ढिगातून एकेक शब्द उचलून त्याला एकेक निश्चित काम नेमून दिले : ‘छद’ म्हणजे ज्याच्या बगलेत फूल येते ते पान, ‘संदल’ म्हणजे फुलाच्या बाहेरच्या, बहुधा हिरव्या मंडलातील भाग, ‘प्रदल’ म्हणजे पाकळी. लॅटिनमध्येही असेच घडले. तेथील ‘स्पिका’ हा मूळचा धान्याच्या कणसाचा शब्द. अठराव्या शतकात स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने असे शब्द नेमक्या अर्थांना बांधून घेतले आणि पुढे तेच जगभरच्या वर्णनांची भाषा झाले. नव्या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन लॅटिनमध्येच असले पाहिजे, ही 1935 पासूनची अट 2012 च्या आरंभी शिथिल होऊन इंग्रजीचा पर्याय खुला झाला, तोवर या शब्दांचा पगडा कायम होता. सांगायचे ते इतकेच की परिभाषा बहुधा नवे शब्द निर्माण करत नाही, ती जुन्या शब्दांचे पर्यायीपण काढून घेते.

‘पाकळी’ हा शब्द ‘प्रदल’ याऐवजी बहुतेक ठिकाणी निर्धास्तपणे वापरावा, असे माझे मत आहे. फसण्याच्या जागा थोड्या आहेत. निशिगंधाच्या फुलात बाहेरची आणि आतली मंडले सारखीच पांढरी असतात, तेथे संदल आणि पाकळी असा भेद करता येत नाही, म्हणून ‘परिदले’ म्हणतात. बोगनवेलीचे जे रंगीत भाग डोळ्यांत भरतात ते छद असून खरे फूल त्यांच्या आतल्या बारीक नळीएवढे असते. झेंडूची किंवा सूर्यफुलाची ‘पाकळी’ म्हणजे एक स्वतंत्र फूलच असते. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो संपूर्ण फुलोरा, आणि त्याला ‘स्तबक’ असे नाव आहे. सूर्यफुलाची ‘बी’ हेसुद्धा वस्तुतः मधल्या बिंबातील एकेका फुलापासून झालेले फळ होय.

आणखी एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, तो ‘किंजल्क’. अमरकोशात किंजल्क आणि केसर हे समानार्थी आहेत, आणि जुन्या काव्यात किंजल्क आला की कमळातील केसर असाच अर्थ घ्यावा लागतो. आजच्या वनस्पतिशास्त्रात मात्र पुंकेसर हा फुलाचा नर भाग, तर किंजल्क हे मादी भागाचे, म्हणजे किंजाचे, पराग झेलणारे टोक. दोन पर्यायी शब्द अशा रीतीने थेट विरुद्ध बाजूंना जाऊन बसले. यातही एक सुंदर योगायोग असा की ज्याला आपण केशर म्हणतो त्या लाल काड्या त्या फुलाचे पुंकेसर नव्हेत. एका फुलात तीन याप्रमाणे मिळणारे ते किंजल्कच असतात. म्हणजे ‘किंजल्क म्हणजे केसर’ हे जुने समीकरण निदान या एका फुलापुरते नव्या परिभाषेतही खरे ठरते.

आता मूळ प्रश्नातील ‘तुरा’ आणि ‘मंजरी’. अमरकोशात ‘वल्लरि’ आणि ‘मञ्जरि’ हेही पर्यायच आहेत. परिभाषेने त्यांची फारकत केली. दांडा टोकाशी वाढत राहतो, फुले खालून वर उमलत जातात आणि प्रत्येक फुलाला स्वतःचा देठ असतो, तेव्हा ती मंजरी. रचना हीच, पण फुले बिनदेठाची, तेव्हा ते कणिश; आघाड्याचा लांब तुरा हे त्याचे उत्तम उदाहरण. मंजरीला पुन्हा मंजऱ्या फुटलेल्या असतील तर परिमंजरी, जसा आंब्याचा मोहोर. आणि दांड्याच्या टोकाशीच फूल येऊन त्याची वाढ थांबते व पुढची फुले त्याच्या खालच्या बगलांतून येतात, तेव्हा ती वल्लरी. मोगऱ्याच्या तीन कळ्यांच्या झुबक्यात मधली कळी आधी उमलते, ती यामुळेच.

या व्याख्या लावून पाहिल्या की रोजचे शब्द कसे आडवे येतात हे ध्यानात येते. मराठीत मंजरी म्हटली की पहिली आठवते ती तुळशीची. तिच्या दांड्यावर मात्र प्रत्येक पेरापाशी समोरासमोर दोन लहान वल्लऱ्या असतात आणि त्यांची मिळून फुलांची वलये दिसतात, म्हणून ती निव्वळ मंजरी म्हणता येत नाही. बहाव्याचे पिवळे झुंबर, ज्याला कोणी सहसा मंजरी म्हणत नाही, ते मात्र व्याख्येप्रमाणे अगदी निखळ मंजरी आहे. ज्वारीचे ‘कणीस’ शाखायुक्त असल्याने परिमंजरी ठरते, आणि भाताची लोंबीही परिमंजरीच. गव्हाची ओंबी तेवढी कणिशाच्या जातीची. म्हणून नित्याचे ‘कणीस’ आणि पारिभाषिक ‘कणिश’ ही दोन वेगळी रूपे लेखनात काटेकोरपणे सांभाळावीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि ‘स-श’च्या त्या फरकावर येथे अर्थ उभा आहे. ‘तुरा’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु तो फुलोऱ्याचे रूप सांगतो, रचना सांगत नाही.

फळांपाशीही हीच कसोटी लावावी. ‘शिंबा’ म्हणजे एकाच किंजदलापासून (किंजदल म्हणजे ज्यापासून किंज बनतो तो घटक) झालेली शेंग, बहुधा दोन्ही शिवणींवर उकलणारी. भुईमूग, चिंच, बहावा यांची शेंग ही शिंबाच, जरी ती आपोआप उकलत नाही. शेवग्याची शेंग मात्र तीन धारांवर उकलणारे बोंड आहे. ‘बोंड’ हा शब्द कापसाला आणि भेंडीला अचूक लागू पडतो, पण काजूचे ‘बोंड’ म्हणजे फुगलेला देठ, आणि खरे फळ म्हणजे त्याखाली लोंबणारी काजूची बी. ‘आठळीयुक्त फळ’ हा पर्याय सोपा असूनही मी टाळतो आणि ‘अश्मगर्भी’ पसंत करतो, कारण आंब्याच्या कोयीचे कठीण कवच हा फळाचाच आतला थर असतो, तर फणसाची आठळी ही बी आहे, आणि फणस अश्मगर्भी नसून संपूर्ण फुलोऱ्याचे मिळून झालेले संयुक्त फळ आहे. येथे सोपा शब्द वाचकाला नेमका चुकीच्या झाडाकडे नेतो.

तेव्हा प्रश्नातील वर्णन मी असे लिहीन : ‘पाने संयुक्त, पिसासारखी, एकाआड एक, देठाची, पर्णिकांच्या जोड्या बहुधा चार ते आठ, शेवटी एकटी पर्णिका नाही, पर्णिका अंडाकृती (देठाकडे रुंद), कडा अखंड, फुले पिवळी, लोंबत्या मंजरीत, पाकळ्या पाच, पुंकेसर दहा व त्यांपैकी तीन लांब, शेंग लांब, दंडगोल, आपोआप न उकलणारी.’ यात ‘तुरा’ गेला आणि ‘मंजरी’ राहिली, ‘शिंबा’ गेली आणि ‘शेंग’ राहिली, कारण बहाव्यापुरते शेंग आणि शिंबा एकच आहेत.