हृदयविकाराच्या झटक्यात तातडीने केलेल्या अँजिओप्लास्टीत कोणती गुंतागुंत होऊ शकते?

सर्वांत चकवणारी गुंतागुंत म्हणजे मुख्य धमनी उघडूनही रक्त पुढे न सरकणे, ज्याला डॉक्टर ‘नो-रिफ्लो’ म्हणतात. धमनी उघडण्यासाठी नळीतून नेलेला फुगा फुगवताना गुठळीचे बारीक कण पुढच्या केसासारख्या वाहिन्यांत अडकतात आणि त्या सुजतात, त्यामुळे पडद्यावर स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) व्यवस्थित बसलेला दिसत असतानाही त्यापुढे डाय (क्ष-किरणांत वाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेला द्रव) रेंगाळत राहतो. झटक्यानंतर रुग्ण जितक्या उशिरा पोहोचतो, तितका हा धोका वाढतो. रक्तप्रवाह पूर्ववत होताच ठोक्यांची लय बिघडू शकते. ती बहुधा अल्पकाळच टिकते, पण कधी विजेचा शॉक द्यावा लागतो, म्हणूनच रुग्णाला नंतर आयसीयूत ठेवतात.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे रक्तस्राव होऊ शकतो. जांघेऐवजी मनगटातून नळी घातल्यास तो कमी होतो, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. डायमुळे मूत्रपिंडावर ताण येतो, विशेषतः मधुमेहींच्या. पक्षाघात क्वचितच होतो. घरी गेल्यावर खरी भीती असते ती स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होण्याची, आणि पहिल्या 30 दिवसांत ती सर्वाधिक असते. त्यामुळे अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची गुठळी रोखणारी दुसरी गोळी, दात काढायचा असला तरीही, हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवू नये.