इंग्रजीत छापलेला शोधनिबंध तमिळमध्ये पाठवणे, साम्य-अहवाल आणि ओळखू आलेला लेखक

कोइम्बतूरला पीएच.डी. करणाऱ्या एका मराठी सदस्याने तीन प्रश्न विचारले आहेत. तमिळ स्पेलचेकरवरचा त्यांचा निबंध एका कार्यशाळेत इंग्रजीत प्रसिद्ध झाला आहे, तर तोच तमिळमध्ये लिहून तमिळ इंटरनेट परिषदेला पाठवणे योग्य आहे का? तमिळ मसुद्याचा साम्य-अहवाल (मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो हे सांगणारा संगणकीय अहवाल) 4 टक्के आला आहे, तेव्हा वाङ्मयचौर्याची शंका घेण्याचे कारण उरत नाही ना? आणि याच सुमारास त्याच परिषदेसाठीच्या, स्पेलचेकरवरच्याच एका निनावी निबंधाचे परीक्षण त्यांच्याकडे आले असून त्याचा लेखक कोण हे त्यांच्या लक्षात आले आहे, तर त्यांनी काय करावे? भारतीय भाषांच्या संगणनावरील निबंधांचे परीक्षण मी बरीच वर्षे करतो आहे आणि त्यांत तमिळचे निबंध नेहमीच असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे; अट एवढीच की दोन्ही ठिकाणच्या संपादकांना आणि वाचकांना ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने दुसऱ्या भाषेतील पुनर्प्रकाशनासाठी घातलेल्या अटी संगणनातही जशाच्या तशा लागू करता येण्याजोग्या आहेत: दोन्ही संपादकांची संमती असावी, दुसऱ्या आवृत्तीचा वाचकवर्ग वेगळा असावा, मूळ निबंधातील माहिती आणि निष्कर्ष बदललेले नसावेत, आणि हा लेख आधी अमुक ठिकाणी प्रसिद्ध झाला आहे हे शीर्षकात वा पहिल्याच पानावर स्पष्ट छापलेले असावे. तुमच्या बाबतीत वाचकवर्ग खरोखरच वेगळा आहे. 1997 साली सिंगापूरला सुरू झालेली आणि पुढे चेन्नई, क्वालालंपूर, कोलोन, फिलाडेल्फिया, टोरांटो अशी फिरलेली ही परिषद केवळ प्राध्यापकांची कधीच नव्हती. फॉन्ट तयार करणारे, कीबोर्ड आखणारे, शाळांत तमिळ शिकवणारे, जुने ग्रंथ टाईप करून जालावर ठेवणारे स्वयंसेवक अशी मंडळी तिथे येतात, आणि त्यांतील कित्येक जण तुमच्या कार्यशाळेचे इंग्रजी इतिवृत्त कधीही उघडणार नाहीत. आपल्या भाषेवरचे संशोधन आपल्याच भाषेत वाचायला मिळणे हा त्यांचा हक्क आहे असे मी मानतो आणि म्हणून तुम्ही ते तमिळमध्ये लिहावे असा माझा आग्रहच राहील.

मात्र हेच न सांगता केले तर ते दुबार प्रकाशन ठरते. पदोन्नतीसाठी एकाच कामाचे दोनदा गुण घेतले जातात हा त्यातला लहान दोष झाला. मोठा दोष असा की पाच वर्षांनी कोणी तमिळ स्पेलचेकरांचा आढावा घ्यायला बसला तर त्याला एकाच प्रयोगाचे आकडे दोन स्वतंत्र प्रयोगांचे वाटतील, आणि मुळात जे एकदाच मोजले गेले ते दोनदा सिद्ध झाले असे तो लिहील. कमी संशोधन होणाऱ्या भाषेत अशी एक नोंदसुद्धा पुढची कित्येक वर्षे चुकीची दिशा देत राहते.

हक्कांचा मुद्दाही आधी तपासा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 14 व्या कलमानुसार भाषांतराचा हक्क कॉपीराइटधारकाचा असतो. त्यामुळे कार्यशाळेच्या प्रकाशकाच्या नावे तुम्ही कॉपीराइट लिहून दिला असेल, तर स्वतःच्याच निबंधाचे तमिळ रूप छापण्यासाठी तुम्हाला त्याची परवानगी लागेल. निबंध क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली (मूळ लेखकाला श्रेय देऊन कोणालाही वापरू देणाऱ्या) असेल, तर मूळ निबंधाचा नीट उल्लेख आणि हे भाषांतर आहे अशी नोंद पुरेशी आहे. संगणकीय भाषाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (एसीएल) संग्रहातले 2016 पासूनचे निबंध याच परवान्याखाली आहेत, म्हणून तुमची कार्यशाळा त्या संघटनेशी जोडलेली असेल तर ही अडचण बहुधा येणारच नाही.

आता 4 टक्क्यांविषयी. तमिळ मजकुराच्या बाबतीत या आकड्यावर विसंबू नका, मग तो कमी असो वा जास्त. तुमच्याच बाबतीत पाहा: तुमचा तमिळ मसुदा हा तुमच्याच छापील इंग्रजी निबंधाचा अनुवाद आहे आणि तरीही अहवालाला साम्य फक्त 4 टक्के दिसले, कारण शब्दमालिका जुळवणाऱ्या साधनाला भाषा ओलांडून काही दिसत नाही. दुसऱ्या कोणी तुमचा इंग्रजी निबंध न विचारता तमिळमध्ये उतरवला असता तरी अहवाल इतकाच निर्मळ आला असता.

भाषा एकच असली तरी तमिळमध्ये आणखी एक अडचण आहे आणि ती मराठी वाचकांना चटकन समजेल, कारण श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सुरुवातीच्या परिषदांच्या काळात तमिळ मजकूर टिस्की, 1999 साली तमिळनाडूत प्रमाणित झालेले टॅब आणि टॅम, शिवाय खासगी कंपन्यांच्या कितीतरी फॉन्ट-संकेतांत लिहिला जात असे. तमिळनाडू सरकारने युनिकोडला औपचारिक मान्यता दिली ती 2010 साली. त्यामुळे जुन्या निबंधांच्या पीडीएफ फायलींतला मजकूर आजच्या तपासणी साधनाच्या लेखी तमिळ नसून रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता असतो. त्यातून कोणी पानेच्या पाने पुन्हा टाईप करून घेतली, तर ते जुळणार कशाशी?

फाईल युनिकोडची असली म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. तमिळमध्ये ओकाराचे चिन्ह व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना पडते: डावीकडे एक तुकडा, मध्ये व्यंजन, उजवीकडे दुसरा तुकडा. युनिकोडमध्ये साठवताना आधी व्यंजन आणि मग संपूर्ण ओकार असा क्रम असतो. पण अनेक पीडीएफ फायलींतून मजकूर बाहेर काढला की तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने बाहेर येतो. म्हणजे ‘दे’ या अर्थाचा ‘कोडु’ हा अगदी साधा शब्द घेतला तरी आधी डावा तुकडा, मग ‘क’, मग उजवा तुकडा अशी मालिका मिळते. माणसाला पडद्यावर जवळपास तोच शब्द दिसतो, यंत्राला मात्र तो वेगळाच शब्द वाटतो आणि अशा प्रत्येक शब्दाशी जुळणी तुटते. तुमच्या मसुद्याची पीडीएफ उघडा, एक परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा आणि ओकार असलेले शब्द तपासा. ते विस्कटले असतील, तर तुमच्या 4 टक्क्यांना काहीही अर्थ नाही. शक्य असेल तर मूळ युनिकोड फाईलवरूनच अहवाल काढून घ्या.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या 2018 च्या विनियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, 10 ते 40, 40 ते 60 आणि त्यापुढे अशा तीन पातळ्या आहेत, आणि सर्वपरिचित गोष्टींच्या ओळीने 14 शब्दांपर्यंतच्या जुळणीला सूट आहे. या मर्यादा भारतातील संस्थांना लागू होतात. जाफना, सिंगापूर वा टोरांटोच्या सहलेखकावर त्या बंधनकारक नाहीत आणि परिषदेच्या समितीलाही त्यांच्या आधारे निर्णय घेणे भाग नाही. मला खटकते ते असे की 10 टक्क्यांखालचा अहवाल जोडला की निबंध प्रामाणिक ठरला, हा समज आपल्या विभागांत फार खोल रुजला आहे. दुसऱ्याची कल्पना, दुसऱ्याने खपून तयार केलेली शब्दयादी किंवा दुसऱ्याचे नियम उचलले, तर एकही वाक्य न जुळता चोरी पूर्ण होते. तमिळ संगणनात हा धोका अधिकच, कारण तेथील कितीतरी कोश आणि शब्दसंग्रह स्वयंसेवकांनी विनामूल्य खुले केले आहेत. प्रोजेक्ट मदुरैने 1998 पासून प्राचीन आणि अर्वाचीन तमिळ ग्रंथ असेच टंकलिखित करून ठेवले. हा मजकूर वापरायचा आणि निबंधात ‘इंटरनेटवरून गोळा केलेला डेटा’ असे मोघम लिहून मोकळे व्हायचे, याला मी वाङ्मयचौर्यच म्हणतो, साम्याचा आकडा शून्य असला तरी.

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. निबंध कोणाचा हे ओळखता येणे यात तुमचा काही दोष नाही. तमिळ संगणनाचे क्षेत्र लहान आहे, आणि एखाद्या निबंधात तमिळनाडूत रूढ असलेल्या तमिळ 99 ऐवजी श्रीलंकेत वापरल्या जाणाऱ्या रंगनाथन कीबोर्डवर टाईप करताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास असेल, तर लेखक श्रीलंकेशी संबंधित असणार हे नाव झाकूनही कळते. केवळ ओळख पटली म्हणून निबंध परत केला, तर या क्षेत्रात परीक्षक उरणारच नाहीत. स्वतःला विचारायचे ते असे: हा लेखक तुमचा मार्गदर्शक, सहकारी किंवा अलीकडचा सहलेखक आहे का? त्याचा निबंध स्वीकारला वा नाकारला गेल्याने तुमचा फायदा वा तोटा होतो का? तुमचाही स्पेलचेकरच आहे आणि तोही त्याच परिषदेला जाणार आहे, म्हणजे या दोहोंतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्यापाशी स्पष्ट आहे. समितीच्या अध्यक्षांना आजच कळवा की तुमचा हितसंबंध गुंततो, आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. लेखकाला मात्र काही कळवू नका, मित्रत्वानेसुद्धा नाही. आणि त्या निबंधात वाचलेली एखादी युक्ती तो प्रसिद्ध होण्याआधी स्वतःच्या प्रणालीत घालू नका. निबंध नाकारला गेला तरी ही मर्यादा संपत नाही. परीक्षणासाठी आलेली फाईल एखाद्या चॅटबॉटला देऊन अभिप्राय लिहून घेणे हाही याच गोपनीयतेचा भंग आहे.

अध्यक्षांनी तरीही तुम्हालाच परीक्षण करायला सांगितले, तर ते मनापासून करा. स्पेलचेकरच्या निबंधात मी सर्वांत आधी यंत्राला शिकवण्यासाठी वापरलेला (शिकवणीचा) आणि त्याची परीक्षा घेण्यासाठी वापरलेला (चाचणीचा) डेटा कसा वेगळा केला आहे ते पाहतो. तमिळमध्ये ‘वीडु’ म्हणजे घर. त्याची रूपे वीट्टिल्, वीट्टुक्कु, वीट्टिलिरुन्दु, म्हणजे आपल्या घरात, घराला, घरातून यांसारखीच, आणि प्रत्यय लागण्यापूर्वी मूळ शब्दाचे मराठीप्रमाणेच सामान्यरूप होते. शब्दरूपांची यादी नुसती चिठ्ठ्या टाकून विभागली, तर वीट्टिल् शिकवणीत आणि वीट्टुक्कु चाचणीत जाते, आणि यंत्राला जे आधीच ओळखीचे आहे त्याच्यावरच त्याची परीक्षा होते. अचूकतेचा आकडा फुगतो. विभागणी मूळ शब्दांनुसार करून तोच प्रयोग पुन्हा करा, ही मागणी मी अभिप्रायात जवळपास दरवेळी लिहितो. दुसरे म्हणजे शब्दांच्या सीमेवरचा संधी: पुढच्या शब्दाच्या आरंभीचे क, च, त, प मागच्या शब्दाच्या अखेरीस जोडून लिहायचे की नाही, ही तमिळ लिहिणाऱ्यांची रोजची अडचण आहे, आणि एकेक शब्द सुटा घेऊन तपासणारी प्रणाली तिला हातही लावू शकत नाही. निबंधात याचा उल्लेख नसेल तर तो हेतूने टाळला आहे की लेखकाच्या ध्यानातच आलेला नाही, हे विचारणे परीक्षकाचे काम आहे. ‘इंग्रजी सुधारावी’ एवढ्या दोन शब्दांत परीक्षण उरकणारे पुष्कळ भेटतात. तमिळ येणाऱ्या परीक्षकाने ज्याला तमिळ येत नाही त्याला विचारता येणार नाही असे प्रश्न विचारले नाहीत, तर त्या परीक्षणाचा लेखकाला काय उपयोग?

स्वतःचा निबंध नाकारला गेला तर मन फार खट्टू करून घेऊ नका. 2014 साली यंत्र-शिक्षणावरील न्यूरिप्स या मोठ्या परिषदेने 166 निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले, तेव्हा सुमारे चौथाई निबंधांवर दोन्ही समित्यांचे निर्णय परस्परविरुद्ध आले होते.

तुमच्या संदेशात ओझरता उल्लेख आहे की दुसऱ्या एका ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदेने दोन दिवसांत निबंध स्वीकारून शुल्क मागितले आहे. तिकडे पाठवू नका. नियतकालिके आणि परिषदा चालवणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स समूहावर अमेरिकेच्या न्यायालयाने 2019 साली 5 कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा दिला, त्यात न झालेल्या परीक्षणाचा दावा करणे आणि तज्ज्ञांची नावे त्यांच्या संमतीविना परिषदांच्या जाहिरातींत वापरणे हे आरोप होते. समितीच्या यादीतील एकदोघांना सरळ ईमेल करून विचारले की खरे काय ते कळते. नियतकालिकाचे नाव आयोगाच्या मान्य यादीत आहे का, एवढ्यावर विसंबण्याचा मार्गही आता उरलेला नाही, कारण पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालणारी यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये बंद केली आहे आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांकडे आणि संशोधकांकडे आली आहे.

तमिळ निबंध पाठवण्यापूर्वी अध्यक्षांना पुढील आशयाचे छोटे पत्र लिहा: ‘सोबतचा निबंध अमुक वर्षी अमुक कार्यशाळेत इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या निबंधाचे तमिळ रूप आहे. प्रयोग आणि आकडे तेच आहेत. तमिळ वाचकांसाठी उदाहरणांचा विभाग वाढवला आहे. मूळ निबंधाची प्रत आणि प्रकाशकाची संमती जोडली आहे. हे आपल्या नियमांत बसते का ते कृपया कळवावे.’ परीक्षण निनावी असेल तर ही माहिती निबंधात न घालता केवळ या पत्रात द्या, आणि पहिल्या पानावरची नोंद निबंध स्वीकारला गेल्यानंतर अंतिम प्रतीत घाला. मार्गदर्शकांना पत्राची प्रत पाठवा आणि अध्यक्षांचे लेखी उत्तर आल्याशिवाय निबंध पोर्टलवर चढवू नका.